पोटातल्या पाण्याचा हिशेब

लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून कोल्हापूरला आली, तेव्हा वजन, रक्तदाब, साखर सगळं नीट होतं. छत्तिसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरबाई रिपोर्टवर थबकल्या. "पाणी जरा कमी आहे. एएफआय सहा आलाय." घरी पोचून चहा होतोय तोवर शेजारच्या काकूंनी शहाळी पाठवली. राजारामपुरीत बातमी चालत जात नाही, पळते.

शहाळ्याला डॉक्टरबाईंची ना नव्हती. आईनं भरपूर पाणी प्यायलं तर हे मोजमाप थोडंफार वाढतं, पण ते साध्या पाण्यानंही वाढतं, असं त्यांनी सांगितलं. खरा प्रश्न वेगळा होता. पाणी आलं कुठून आणि कमी झालं कशानं?

सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भजल आईच्या रक्तातून पाझरतं. पुढं बाळाची मूत्रपिंडं कामाला लागली की पाण्याचा मुख्य पुरवठा बाळाच्याच लघवीतून होतो. थोडा द्रव फुप्फुसांतून येतो. बाळ हे पाणी गिळतं, पुन्हा लघवी करतं आणि हा फेरा दिवसरात्र चालू राहतो. चौतीस-छत्तीस आठवड्यांच्या सुमारास साठा साधारण ८०० मिलिलिटरपर्यंत पोचतो आणि मग उतरू लागतो. "म्हणजे मी एवढे दिवस बाळाची शू सांभाळतेय?" लेकीनं विचारलं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "बरीचशी."

म्हणूनच त्यांच्या प्रश्नांचा रोख शहाळ्याकडं नव्हता. अंगावरून पाणी जातंय का? डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का? परस्पर कुठली वेदनाशामक गोळी घेतली का? पाणमोटेला चीर गेली असेल तर पाणी गळतं. रक्तदाब चढून वारेतून रक्त कमी पोचत असेल तर बाळ ते मेंदू आणि हृदयाकडं वळवतं, मूत्रपिंडांना कमी देतं आणि लघवी घटते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही बाळाच्या मूत्रपिंडांचं काम मंदावतं. उलट पाणी फार वाढलं, तर आईच्या मधुमेहाचा किंवा बाळाला गिळायला होणाऱ्या अडथळ्याचा संशय घेतात.

पुढच्या तपासणीला मला आत बसू दिलं. पोटावर गार जेल पडलं आणि लेक दचकली. पडद्यावर राखाडी गर्दीत काळ्या फटी दिसत होत्या. काळं म्हणजे पाणी. पोटाचे चार भाग मानून प्रत्येकातली सर्वांत खोल काळी जागा निवडायची, वर-खाली फुल्या मारून उभी खोली मोजायची आणि चारही आकड्यांची बेरीज करायची. हीच बेरीज म्हणजे एएफआय. एका फटीत नाळेचं वेटोळं दिसलं, तशी डॉक्टरांनी ती जागा सोडून दुसरी धरली. बेरीज पाच सेंटिमीटरच्या खाली गेली तर पाणी कमी, पंचविसाच्या वर गेली तर जास्त. रक्तप्रवाहाचा डॉपलर चांगला होता. घरी बाळाच्या हालचाली मोजायला सांगितलं आणि त्या मंदावल्या तर वाट न बघता यायचं, असंही बजावलं.

बाहेर बाकावर पन्हाळ्याकडच्या एक आजी सुनेला घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक होता. तो वाचून त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला सुईनं पाणी काडून सांगायचे म्हणं, पोरगा का पोरगी."

खरंच सांगत. गर्भजलात बाळाच्या पेशी तरंगत असतात. त्यांतल्या गुणसूत्रांवरून डाउन सिंड्रोमसारखे दोष ओळखता येतात, म्हणून ही तपासणी आली. पण ऐंशीच्या दशकात मुंबईच्या दवाखान्यांनी ती मुली शोधण्यासाठी वापरली. स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर सुईचं काम सोनोग्राफीनं उचललं होतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली निघाल्या. पुढं जिल्हाधिकारी असताना लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना तपासणीचं चित्रण साठवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला लावला आणि प्रत्येक तपासणीचा 'एफ' फॉर्म ऑनलाइन भरायला लावला. लेकीनंही त्याच फॉर्मवर सही केली होती: बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही.

अडतिसाव्या आठवड्यात बेरीज साडेचारवर आली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. पाणी कमी असलं की कळांच्या वेळी नाळ दाबली जाण्याची भीती असते. हीच तूट चौथ्या-पाचव्या महिन्यात असती तर धोका फार मोठा होता. फुप्फुसं वाढायला आणि हातपाय पसरायला तेव्हा हेच पाणी लागतं. दवाखान्यात दाखल करून कळा सुरू केल्या. पाणमोट फुटली, तेव्हा सिस्टरनं आधी रंग बघितला. स्वच्छ! हिरवट असतं तर बाळानं आतच शी केली, असं समजून बालरोगतज्ज्ञांना तयारीत ठेवावं लागतं.

बाळ लगेच रडलं. फुप्फुसांतला द्रव कळांच्या काळातच शोषला जाऊ लागतो आणि उरलेला पहिल्या श्वासांबरोबर ओसरतो. सिस्टरनं बाळाला कोरडं करून आईच्या छातीवर ठेवलं, पण अंगावरचा पांढरा थर घासू दिला नाही आणि बाळाचे हातही धुऊ दिले नाहीत. ओळखीच्या गर्भजलाचा वास बाळाला दुधाकडं नेतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही पहिली आंघोळ २४ तासांनंतर घालायला सांगते.

पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला. "आंघोळ घातली का बाळाला?" मी उद्याचं सांगितलं, तशा त्या बराच वेळ वाद घालत राहिल्या. मुलगा की मुलगी, हे विचारायचं त्यांना फोन ठेवता ठेवता आठवलं.