कचेरीच्या दारचे अन्न

भोजनगृहांच्या जमाखर्चाचे ताळेबंद तपासण्यात ज्याच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे गेली, त्याला समोर आलेल्या थाळीत चवीच्या आधी जागेचे भाडे, इंधन, मजुरी आणि वाया जाणारा माल दिसू लागतो. म्हणूनच, सेवानिवृत्तीनंतर वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर सपत्नीक पंधरा दिवस राहण्याचा योग आला तेव्हा, तेथे माफक खर्चात कोठे जेवावे या प्रश्नाचे उत्तर मी प्रवासवर्णनांत शोधले नाही; ते मला ठाण्याच्या मामलेदार कचेरीने पूर्वीच देऊन ठेवले होते.

ठाण्यातील ज्या मिसळीला ‘मामलेदार’ हे नाव कायमचे चिकटले, ती स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुर्डेश्वर कुटुंबाने कचेरीच्या आश्रयाने चालवलेल्या उपाहारगृहातून पुढे आली, ही गोष्ट ठाणेकरांना ठाऊक आहे. परंतु तिचे कचेरीशी असलेले नाते केवळ नावापुरते नाही. सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद, दाव्याची तारीख अशा कामांसाठी सकाळीच घर सोडून आलेला शेतकरी, त्याचा अर्ज लिहून देणारा अर्जनवीस, दप्तरे वाहणारा शिपाई आणि घड्याळाकडे डोळा ठेवून बाहेर पडलेला कारकून, या सर्वांना पोटभरीचे, ऊन ऊन आणि दहा मिनिटांत उरकणारे अन्न हवे असते, व उद्याही त्यांना तेथेच यायचे असते. जो उद्या पुन्हा येणार आहे त्याला फसवून दुकान चालत नाही. शिवाय उसळ, तर्री, फरसाण व पाव एवढाच पसारा असल्याने भांडे रिकामे होते, माल शिळा राहत नाही, आणि एकाच बाकावर तासाभरात पाच-सहा गिऱ्हाइके बसून जातात. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावा, असा आमच्या व्यवसायात संकेत आहे. जेथे भाडे आणि पगार पुष्कळ गिऱ्हाइकांवर विभागले जातात, तेथे हा संकेत ओलांडून ताटात अधिक वाढणे मालकाला परवडते.

समुद्रकिनाऱ्यावरील विश्रामधामाचे गणित नेमके याच्या उलट असते. कॅरिबियन बेटांवरील पुष्कळशी खाद्यसामग्री जहाजाने येते. प्रवासी मुख्यतः डिसेंबर ते एप्रिल या हंगामात येतात. उरलेले महिने खुर्च्या रिकाम्या राहतात, पण त्यांचे भाडे थांबत नाही. त्या रिकाम्या खुर्चीचा खर्च हंगामात बसलेल्या पाहुण्याच्या बिलात उतरतो, आणि त्यावर सेवाशुल्क व कर चढतात. यात कोणाची लबाडी नसते, पण मध्यमवर्गीय माणसाने तेथे तीन वेळा जेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पहिल्याच सकाळी कामावर निघालेल्या लोकांच्या मागे गेलो, आणि ते ज्या हातगाडीपाशी थांबले तेथे थांबलो. ‘डबल्स’ या नावाने तेथे मिळणारा पदार्थ म्हणजे हळद घातलेल्या मैद्याचे तळलेले दोन मऊ ‘बारा’, त्यांत रसदार मसालेदार काबुली चणे, वर चिंचेची चटणी, काकडी आणि कोथिंबिरीसारख्या उग्र वासाच्या ‘शॅडो बेनी’ या पानांची हिरवी चटणी. कागदात गुंडाळून, उभ्याने, दोन मिनिटांत तो संपतो. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउन येथील डीन कुटुंबाने तो रूढ केला असे मानतात. पण त्याची मुळे ३० मे १८४५ या दिवसाकडे जातात, कारण त्या दिवशी ‘फातेल रझाक’ हे जहाज करारबद्ध हिंदी मजुरांना घेऊन या बेटाला लागले. १९१७ पर्यंत चाललेल्या त्या गिरमिटी वाहतुकीत सव्वा लाखाहून अधिक माणसे, बहुतांशी अवध-बिहारकडची, उसाच्या मळ्यांवर आणली गेली. त्यांनी डाळीचे सारण भरलेली ‘दालपुरी’ टिकवून धरली. ती पाहताच माझ्या पत्नीने मीठ घातलेली पुरणपोळी म्हणून तिला ओळखले. दक्षिणेकडील देबे गावात तर रस्त्याच्या कडेला ‘फुलौरी’, ‘साहिना’ आणि वांग्याची ‘बैगनी’ विकणारी दुकाने रांगेने उभी आहेत.

येथे एक विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. ठाणे हेही मूळ साष्टी बेटावरचे गाव. १५३४ ते १७३७ या काळात त्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि आमच्या वड्यातला बटाटा, तर्रीतली मिरची व हातातला पाव हे तिन्ही आपल्या किनाऱ्यावर आले ते पोर्तुगीजांबरोबरच. त्यातही ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी असलेल्या ताइनो लोकांच्या भाषेतला, रताळ्यासाठी वापरला जाणारा. म्हणजे तिकडची मिरची व तिकडचा शब्द इकडे आला, आणि इकडची हळद व चण्याचा रस्सा तिकडे गेला. दोन्ही बेटांवर त्यांतून निर्माण झाले ते मात्र कष्टकऱ्याचे अन्न.

डोंबिवलीत, जेथे मी राहतो, हेच अन्न संध्याकाळी निराळ्या रूपाने भेटते. मुंबईहून लोकलने उभ्याने आलेली नोकरदार स्त्री स्टेशनबाहेरच्या पोळीभाजी केंद्रात मोजून सहा पोळ्या घेते, तेव्हा कोण्या गृहिणीच्या हाताला रोजगार मिळतो आणि त्या नोकरदार स्त्रीचा एक तास वाचतो. सरकारनेही स्वस्त अन्नाचे प्रयोग केले. १९९५ च्या सुमाराची एक रुपयाची झुणका-भाकर अनुदान आटल्यावर बहुतेक ठिकाणी नाममात्र उरली. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळीही अनुदानावरच उभी राहिली, पण ती रुग्णालये, बसस्थानके, कचेऱ्या अशा वर्दळीच्या जागांशी बांधली गेली, ही योजना आखणाऱ्यांची दूरदृष्टी मला मनापासून मान्य आहे.

त्रिनिदादमधील शेवटच्या सकाळी क्युरेप येथील चौकात आम्ही पुन्हा डबल्सच्या गाडीपुढे उभे होतो. विकणाऱ्याने हात न थांबवता तिखट किती घालू, असे विचारले. माझ्यापुढच्या गणवेशधारी रखवालदाराने ‘स्लाइट’ म्हणजे किंचित, असे उत्तर दिले. ठाण्यात मिसळ मागताना जी वर्गवारी सांगावी लागते तीच ही, असे जाणवून मीही तोच शब्द उच्चारला, कागद हाती घेतला, आणि त्या रखवालदाराच्या शेजारी फुटपाथवर उभा राहून खाऊ लागलो.