खड्डा कोरडा ठेवायचा

घातक कचऱ्याच्या प्रकल्पावर कामाला आहे म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढं मुखवटे, पिवळे सूट आणि कवटीचं चित्र उभं राहतं. ते सगळं आहेच. पण माझी निम्मी नोकरी पाण्यामागं पळण्यात जाते. कुठून येतंय, कुठं साचतंय, कुठून बाहेर पडेल. गगनबावड्यात वाढलेल्याला याचं फार शिकवावं लागत नाही. आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला की ओल हाताला लागते, आणि घाटात दरड आली की कोकणातली मासळी आणि पाहुणे दोन्ही खालीच अडकतात.

राज्यात असले सामायिक प्रकल्प मोजकेच. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी ही त्यातली ठळक नावं. त्यातल्या एकावर मी सुरक्षा आणि पर्यावरण विभागात आहे. कारखान्यांना आपला घातक कचरा आवारात साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळं गाड्यांची रांग कधी संपत नाही. रंग-रसायनांचा गाळ, प्लेटिंगचा गाळ, जळकं तेल, मुदत संपलेली औषधं. गाडी आधी वजनकाट्यावर जाते, मग कागद. मॅनिफेस्टच्या सात रंगांच्या सात प्रती असतात; आता बरंचसं ऑनलाइन झालं तरी ते रंग आमच्या तोंडात आहेतच. त्यानंतर नमुना प्रयोगशाळेत. आम्ल आहे की अल्क, पेट किती अंशाला घेतो, पाण्याशी काय करतो. मग ठरतं: थेट खड्ड्यात, चुना-सिमेंट-फ्लायॲश घालून घट्ट करून खड्ड्यात, की भट्टीत. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात अकराशे अंशांच्या आसपास तापमान राखावं लागतं आणि वायू तिथं किमान दोन सेकंद राहावा लागतो. बाहेरून येणारे पाहुणे या भट्टीपुढंच उभे राहून फोटो काढतात.

मला विचाराल तर भट्टी त्यातल्या त्यात सोपी. बिघडली तर काटा हलतो, अलार्म वाजतो, धूर दिसतो. खड्ड्याचं तसं नसतं. तिथं बिघडलेलं कळायला पंधरा वर्षं लागू शकतात, आणि तोवर ते खालच्या वाडीतल्या विहिरीत पोचलेलं असतं.

खड्डा म्हणजे नुसतं खोदून टाकणं नव्हे. तळाला दाबून बसवलेली चिकणमाती. ती इतकी घट्ट हवी की पाण्याला तिच्यातून उतरायला वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर मिळावेत. तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची काळी चादर. वर निचऱ्याचा थर. आणि हे सगळं पुन्हा एकदा, म्हणजे दुहेरी. चादरीचे पट्टे एकमेकांना गरम पाचरीनं जोडतात आणि जोडाला दोन समांतर शिलाया राहतात, मध्ये बारीक पोकळी. त्या पोकळीत सुई खुपसून हवा भरायची, दाब धरायचा आणि मीटरकडं बघत बसायचं. काटा खाली आला तर कुठंतरी छिद्र आहे. उन्हात ती चादर तव्यासारखी तापते, बुटाचा तळ चिकटतो, घाम डोळ्यांत जातो. पण त्या काट्यावरून नजर काढायची नसते. पुढं त्याच्यावर हजारो टन माल बसणार आहे. पुन्हा उकरून बघायची सोय नाही.

कचऱ्यातून झिरपून तळाशी येणारं पाणी म्हणजे लीचेट. ते संपमध्ये उतरतं, तिथून उपसून प्रक्रियेला जातं. तळावर त्याची पातळी तीस सेंटिमीटरच्या वर चढू द्यायची नाही, हा दंडक. आता हिशेब करा. एक हेक्टर उघड्या खड्ड्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी झालं. शंभर मिलिमीटर! आमच्या गावी जुलैत एवढ्या पावसाला कुणी मान वर करून बघत नाही. आणि हे दहा लाख लिटर एकदा का कचऱ्याला लागलं की ते पाऊस राहत नाही. थेंबन् थेंब रसायन म्हणून सांभाळावं लागतं.

म्हणून मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडं आगोट सुरू होते. गावी आई लाकूड-शेणी आत घेते, वैरण माळ्यावर जाते, घराच्या पावसाळी अंगाला झड बांधतात. इथं आम्ही चालू सेल, म्हणजे खड्ड्याचा भरत असलेला कप्पा, जाड ताडपत्रीनं झाकतो, कडा मातीच्या बांधात गाडतो, वाळूच्या पोत्यांनी दाबतो, भोवतीचं पावसाळी गटार उकरून साफ करतो. पावसाचं स्वच्छ पाणी आणि खड्ड्याचं पाणी यांची कुठंच भेट होता कामा नये. पावसाळ्यात माल शेडमध्ये थांबतो. व्यवस्थापनाला हे थांबणं रुचत नाही, कारण शेड भरत जाते आणि गाड्या दारात उभ्या. पहिल्या वर्षी मी ताडपत्री दुप्पट मागितली, तर एक साहेब म्हणाले, ‘‘हा तुमचा गगनबावडा नाही.’’ नाहीच. इथला पाऊस आमच्या पावसाच्या पासंगालाही पुरत नाही. पण तो पडतो तेव्हा एका रात्रीत पडतो.

पाण्याचा दुसरा धोका मला अशाच एका पावसाळी दुपारी जवळून दिसला. ॲल्युमिनियम वितळवणाऱ्या कारखान्यातून राखेची गाडी आली होती. ही राख कोरडी असते तोवर गरीब. पाणी लागलं की तिच्यातून अमोनिया सुटतो, कधी हायड्रोजनही, आणि आतून तापायला लागते. गाडी फाटकात आली तेव्हाच डोळे चुरचुरले. ड्रायव्हर खाली उतरून नाकाला रुमाल लावून उभा. ‘‘साहेब, ताडपत्री फाटली ओ वाटेत. मागनं वाफ यायला लागलीय.’’

ती वाफ पांढरी, गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून संथ निघत होती. आमचा एक नवा पोरगा पळत जाऊन पाण्याचा होज ओढून आणायला लागला. आग-धूर दिसला की पाणी, हे लहानपणापासूनचं. त्याला दंडाला धरून थांबवावं लागलं. गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बाकी मालापासून लांब, रिकाम्या शेडखाली घेतली. श्वसनयंत्र लावून दोघं जण वर चढले, भिजलेला भाग बाजूला केला, वर कोरडी वाळू पसरली. मीटर माझ्या हातात होतं. अमोनियाची आठ तासांच्या कामाची मर्यादा पंचवीस पीपीएम मानतात, तीनशेला जीव धोक्यात. आम्ही दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होतो. आकडा उतरेपर्यंत बाकी सगळ्यांना लांब ठेवण्यापलीकडं काही करायचं नव्हतं, आणि काही न करता उभं राहणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड. पावसाचा आवाज पत्र्यावर चालूच.

मला त्या वेळी दुर्गमानवाडची लाल माती आठवत होती. राधानगरीकडं आमच्या डोंगररांगेच्या माथ्यावरून बॉक्साइट काढतात, त्याचं पुढं ॲल्युमिनियम होतं, आणि शेवटी अशी राख उरते. डोंगरावर हजारो पावसाळे खाल्लेली माती, आणि कारखान्यातून निघाल्यावर तिला एक सर सोसवत नाही.

लोकांना वाटतं अपघात आमच्यासारख्या प्रकल्पांत होतात. होतात, नाही असं नाही. पण जास्त भीती वाटते ती आमच्यापर्यंत न पोचणाऱ्या गाड्यांची. 6 जानेवारी 2022 ला सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरनं रसायन नाल्यात सोडलं आणि शेजारच्या कापड गिरणीतले सहा कामगार विषारी वायूनं गेले. विल्हेवाटीचे पैसे वाचवायचे, एवढंच कारण असतं. दुसऱ्या टोकाला भोपाळ. युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन कचरा 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर चाळीस वर्षं तिथंच पडून. मध्यंतरी तो नागपूरजवळ डीआरडीओच्या भट्टीत जाळायचं घाटत होतं. महाराष्ट्रातून विरोध झाला आणि ते बारगळलं. शेवटी जानेवारी 2025 च्या सुरुवातीला बारा बंद कंटेनरमधून तो पीथमपूरला गेला, तिथंही लोक रस्त्यावर आले, आणि जूनअखेर जाळून झाला. विरोध करणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. ज्यांनी भोपाळ पाहिलं त्यांनी कुणाच्या सहीवर का विश्वास ठेवावा? पण चाळीस पावसाळे तो माल भोपाळलाच होता, हेही खरं.

गावी गेलो की कुंभीच्या काठानं एक चक्कर होतेच. हे पाणी पुढं पंचगंगेला मिळतं, पंचगंगा इचलकरंजीवरून जाते. तिथं कापडाला रंग चढतो, रंगाच्या पाण्यावर प्रक्रिया होते आणि खाली गाळ उरतो. तो गाळही घातक कचऱ्यातच मोडतो. आमच्या डोंगरावरचं पाणी खाली जाऊन काय काय होतं, ते वजनकाट्यावर उभं राहून बघायचा योग सगळ्यांना येत नाही.

गेल्या खेपेला चुलते अंगणात बसले होते. त्यांनी पहिल्यांदाच कामाबद्दल नीट विचारलं. ‘‘तिथं विष पुरत्यात म्हणं?’’ मी खड्डा, चादर, संप सगळं सांगितलं. खड्डा भरून बंद केल्यावरही तीस वर्षं त्याच्याभोवतीच्या विहिरींचं पाणी तपासत राहावं लागतं, हेही सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. ‘‘मग आपल्या गगनबावड्यात टाकला असला खड्डा तर?’’

‘‘नको तात्या. आपल्याकडं एका हेक्टरावर वर्षाला पाच कोटी लिटर पाणी पडतंय. वर उतार, खाली नदी. न्हाईच जमायचं.’’

‘‘मग दुसऱ्याच्या दाराम्होरं चालतंय व्हय रं?’’

पाऊस कमी, जमीन सपाट, पाणी खोल, हे निकष मी सांगत राहिलो. ते खरेच आहेत. तात्यांचं समाधान झालं नाही आणि मला त्यांना गप्प करायचंही नव्हतं. त्यांनी विषय बदलला. परड्यात तणनाशकाचे रिकामे डबे साठले होते, एकात तर म्हशीचं पाणी भरून ठेवलेलं. ‘‘एवढा शिकलास तर हे घिऊन जा तिकडं.’’

नेता येत नाहीत. माझ्या मोटारसायकलला घातक कचरा वाहायचा परवाना नाही, आणि प्रकल्पाच्या दारात मॅनिफेस्ट नसलेला माल मीच परत पाठवतो. म्हशीच्या पाण्याला दुसरी बादली दिली. डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतलं, डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली आणि एका पोत्यात भरून गोठ्याच्या माळ्यावर, पाऊस लागणार नाही अशा जागी टाकले. ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, असले डबे गोळा करायची काही सोय आहे का. ग्रामसेवक म्हणाले, अर्ज द्या, बघू. अर्ज दिलाय.