मुक्काम : सोय नंबर सात

थाई भाषेत गल्लीला ‘सोय’ म्हणतात. बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला नाव असते आणि त्यातून फुटणाऱ्या गल्ल्यांना नंबर. साधारणपणे एका बाजूला विषम, समोरच्या बाजूला सम. हे आधी नीट समजून घेतले असते तर आमच्या पहिल्या तीन रात्री वाया गेल्या नसत्या.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत पेणच्या रामवाडीतून आम्ही पाच जण निघालो : आम्ही दोघे, अम्मी, अकरावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दहावीचा निकाल चांगला लागला तर विमानाने कुठेतरी नेऊ, असे मुलीला कबूल केले होते. दुबईचा हिशोब बसेना. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसा माफ केलेला होता आणि मुंबईहून विमान चार-साडेचार तासांचे. म्हणून बँकॉक.

बँकॉकचे नाव काढताच नात्यातल्या मंडळींनी नाके मुरडली. ‘जवान मुलीला घेऊन तिथे?’ असे एका फुफीने तोंडावर विचारले. अम्मींनी मात्र एकच विचारले, “मशीद जवळ आहे ना?” टूरवाल्याने दिलेल्या कागदावर दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक आणि ‘इंडियन फूड’ असे लिहिले होते. मशिदीचे विचारल्यावर तो म्हणाला, “बघू, असेल कुठेतरी.” तेव्हा आपले आपणच जायचे ठरले.

मग प्रश्न आला राहायचे कुठे. इथे मुलीने पुढे होऊन सांगितले, “या वेळी जागा मी निवडणार.”

‘या वेळी’ का, ते सांगायला हवे. त्याच जूनमध्ये तिच्या अकरावीसाठी आम्ही पनवेलच्या बाजूला एक लहान फ्लॅट भाड्याने शोधत होतो. फोनवर सगळे ठरायचे. भाडे, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, किल्ली कधी घ्यायची तेही. मग शेवटी नाव विचारायचे. नाव सांगितले की, ‘सोसायटीला विचारून कळवतो.’ कोणी वाईट बोलले नाही, एक गृहस्थ तर फार अदबीने बोलले. तिसऱ्या फोनला स्पीकर चालू होता आणि मुलगी शेजारीच बसली होती. आता ती मुंब्र्याला खालाकडे राहून शिकते. खालाच्या घरी तिला काही कमी नाही. पण ते घर तिने निवडलेले नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

तर दस्तरख्वान आवरल्यावर मोबाईलवर बँकॉकचा नकाशा उघडून ती बसायची. नकाशावर तिने चार जागा हेरल्या. पहिली प्रतूनाम. तिथे कपड्यांचा घाऊक बाजार आहे, उंच बैयोक मनोरा आहे आणि आपल्याकडची बरीच टूरमंडळी तिथेच उतरतात. दुसरी सुखुमवित रस्त्यावरची सोय तीन, म्हणजे नाना भागातला अरब मुहल्ला. तिसरी नदीकाठचा चारोएन क्रुंग रस्ता. जुन्या कस्टम हाऊसच्या पाठीमागे सोय ३६ मध्ये हारून मशीद आहे. चौथी राचतेवी स्टेशनाजवळची फेत्चबुरी रस्त्यावरची सोय सात. तिथे दारुल अमान मशीद आहे. राचतेवी म्हणजे आपली ‘राजदेवी’. थाई नावे जरा घासून पाहिली की खाली संस्कृत निघते. विमानतळाचे नावच सुवर्णभूमी. राजांना राम पहिला, राम दुसरा असे म्हणतात आणि एका मोठ्या रस्त्याचे नाव ‘राम चौथा’ आहे. रामवाडीच्या माणसाला परके वाटायचे कारण नाही.

मुलीचा कौल सोय सातला होता. आम्ही तो फिरवला. आखातात नोकरी केलेल्या एका भावकीतल्याने छातीठोकपणे सांगितले होते की नानालाच राहा, सगळे अरबी हॉटेल, हलालची चिंता नाही. अम्मी बरोबर आहेत, जेवणाचे हाल नकोत, म्हणून आम्ही त्याचे ऐकले. मुलगी काही बोलली नाही. फक्त पहिल्या तीन रात्री तिथे आणि उरलेल्या चार सोय सातमध्ये असे बुकिंग तिने केले. नावाच्या रकान्यात आपले पूर्ण नाव टाकले, बटण दाबले आणि अर्ध्या मिनिटात ‘खोली पक्की’ असे उत्तर आले. ती बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत बसली होती.

नानाबद्दल खोटे बोलणार नाही. सोय तीन आणि तिच्या पोटगल्ल्यांत अरबी पाट्या, हुक्क्याचा धूर, मंदी, ताजी रोटी, सगळे आहे. बाजूलाच बुमरुंग्राद हे मोठे खासगी रुग्णालय आहे. आखाती देशांतून उपचाराला आलेली कुटुंबे तिथे असतात, त्यामुळे बुरख्यातल्या बायका, चाकाच्या खुर्चीतले वडीलधारे असे दृश्य रस्त्यावर दिसते. घरातल्या कोणाला त्या रुग्णालयात न्यायचे असेल तर याहून सोयीची जागा नाही. पण सम-विषमचा हिशोब आठवा. सोय तीनच्या समोर, रस्ता ओलांडला की, सोय चार. ती बँकॉकच्या ज्या धंद्यासाठी नाके मुरडली जातात त्याची प्रसिद्ध गल्ली आहे. दिवसा काही जाणवत नाही. रात्री जेवून चालायला निघालो की मुलगा विचारी, “इतके रंगीत दिवे कशाचे?” आणि आम्ही त्याला विमानांच्या गोष्टी सांगू लागायचो. तिसऱ्या रात्री तर खोलीच्या बाहेर पडलोच नाही.

अम्मींची तक्रार वेगळीच होती. त्यांना मंदी आवडली होती. पण दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “इथे राहते कोण? सगळे पाहुणेच दिसतात.” बरोबर होते. तिथे मुसलमान भरपूर, पण बहुतेकांच्या हातात बॅगा. सकाळी दूध आणायला निघालेले पोर किंवा दारात झाडणारी बाई काही दिसेना.

चौथ्या दिवशी नानाहून आकाशगाडीत बसलो. खांबांवरून धावणारी ही गाडी तिथल्या लोकांची रोजची लोकल. चौथे स्टेशन राचतेवी. तिथून सोय सात चालत पाच-सात मिनिटांवर. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना खाण्याच्या गाड्या, वर तारांचे जाळे. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! अम्मींचे गुडघे पाहून मालकीणबाईंनी स्वतःच तळमजल्यावरची, सामान ठेवायची एक खोली रिकामी करून दिली. साठीच्या बाई, डोक्यावर पांढरा रुमाल. त्यांना आपली भाषा येत नाही, आपल्याला त्यांची नाही. पण ‘अस्सलामु अलैकुम’ झाले आणि अम्मी पलंगावर टेकल्या.

तिथले खाणे म्हणजे ‘खाव मोक’. पिवळा भात, त्यात कोंबडी, वर तळलेला कांदा आणि बाजूला हिरवी आंबट-तिखट चटणी. आपल्या बिर्याणीचा लांबचा चुलतभाऊ. रोटी आणि ‘मताबा’ ही भरलेली रोटीही मिळते. शुक्रवारी जुम्याच्या आगेमागे गाड्या वाढतात आणि गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. एक गंमत लक्षात ठेवा. थाई भाषेत ‘गाय’ म्हणजे कोंबडी. मुलाने पहिल्यांदा गाडीवाल्याच्या तोंडून ‘गाय, गाय’ ऐकले तेव्हा तो आमच्याकडे बघतच राहिला. ‘मू’ म्हणजे डुक्कर, हा शब्द मात्र विसरू नका. गल्लीच्या बाहेर खाताना हलालचे अधिकृत चिन्ह पाहूनच बसा, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीतही चरबी असू शकते.

दुसऱ्या दिवशी फजरला आम्ही अम्मींना घेऊन मशिदीत गेलो. तिथे बायकांसाठी वेगळी जागा आहे. अम्मींनी उभ्या आयुष्यात गावच्या मशिदीत नमाज पढलेली नाही, त्यामुळे त्या जरा बिचकतच आत गेल्या. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामांनी हात उचलून कुनूत सुरू केला. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाल्या, “अरे, हे तर आपलेच!” आपण कोकणी मुसलमान शाफई. मुंब्र्याला, मुंबईत हनफी मशिदींत फजरला कुनूत नसतो आणि दर वेळी अम्मींना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. थायलंडचे बहुतेक सुन्नी मुसलमान शाफईच. अरबांचे जे व्यापारी कोकणच्या बंदरांत आले, तेच पुढे पूर्वेच्या समुद्रात गेले, एवढे वर्गात शिकवतो आम्ही. पण ते असे पहाटे पाच वाजता समोर येईल असे वाटले नव्हते.

सोय सातच्या मागून कालव्याकडे उतरले की बान ख्रुआ लागतो. ‘ख्रुआ’ म्हणजे स्वयंपाकघर. हा चाम मुसलमानांचा जुना मुहल्ला. आजच्या कंबोडिया-व्हिएतनामकडचे हे लोक. १७८५ च्या सुमारास ब्रह्मदेशाविरुद्धच्या लढाईत ते पहिल्या रामाच्या बाजूने लढले आणि राजाने त्यांना ही जमीन दिली. मुहल्ल्यात जामिउल खैरिया मशीद आहे. घरे लाकडाची, एकमेकांना खेटून. वाट इतकी चिंचोळी की समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावावी लागते. उकाडा आणि डास भरपूर. हे लोक रेशीम विणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन माणसाने त्यांच्याकडून कापड विणून घेऊन जगभर विकले. त्याचे घर कालव्याच्या बरोबर समोरच्या काठावर आहे, तिकीट काढून पाहता येते. १९६७ मध्ये तो मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला आणि परत आला नाही. त्याच्या घरासमोर पर्यटकांची रांग होती. अलीकडे, विणकरांच्या काठावर, आम्ही पाचच जण.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारला या वस्तीतून द्रुतगती मार्गाची जोडवाट काढायची होती. मुहल्ल्याने वर्षानुवर्षे विरोध केला, रात्री पहारे दिले आणि ती वाट झाली नाही. हे ऐकताना आपली माणसे आठवली. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी २००८ मध्ये सेझच्या जमिनीसाठी मतदान केले, तेव्हा आम्ही नवे शिक्षक होतो आणि शाळेच्या व्हरांड्यात दुसरा विषयच नसायचा.

कालव्याचे नाव सेन सेप. तिसऱ्या रामाच्या काळात खणलेला, आणि आजही त्यातून प्रवासी होड्या बसगाड्यांसारख्या धावतात. पाणी उडते म्हणून कडेच्या माणसाने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा असतो. मुलाला हे काम इतके आवडले की तो उतरायला तयार होईना.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. खरेदीच करायची असेल तर प्रतूनाम ठीक, पण तिथे रस्त्यावर गर्दी फार, म्हातारी माणसे थकतात. नदी, होड्या, जुना बाजार पाहायचा असेल तर हारून मशिदीचा भाग चांगला. आम्ही एक दुपार तिथे घालवली, मशीद शांत आहे, पण स्वस्त खोल्या आम्हाला दिसल्या नाहीत. नदीपलीकडे ख्लोंग सान भागात गुजरातेतून आलेल्या दाऊदी बोहऱ्यांनी बांधलेली सैफी मशीद आहे, ती आमची राहून गेली. आणि सोय सात? लिफ्टची चौकशी आधी करा. मोठ्या रस्त्याच्या बाजूची खोली घेऊ नका, रात्रभर गाड्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अम्मींनी पेणचे पोह्याचे पापड मालकीणबाईंच्या गॅसवर भाजून दिले. बाईंनी ते हिरव्या चटणीबरोबर खाल्ले आणि आणखी मागितले. गप्पा मोबाईलच्या भाषांतरावर चालल्या होत्या. मुलीने मध्येच विचारले, “या सोयीत घर भाड्याने मिळते का?” आम्ही तिच्याकडे पाहिले. तिने सहज विचारले होते की कसे, कळेना.

बाईंनी फोन हातात घेतला, बोलल्या आणि आमच्यासमोर धरला. पडद्यावर लिहिले होते : किती माणसे? किती महिने?

मुलीने ते दोनदा वाचले. अम्मींना वाचून दाखवले.

“आणि डिपॉझिट किती म्हणते?” अम्मींनी विचारले.