एकच कॉम्प्युटर, तीन बॅच

चाळीतला नळ, इमारतीचा जिना, कचेरीतला पाण्याचा माठ... सामायिक वस्तूंचं एक ठरलेलं दुर्दैव असतं. वापरतात सगळे, राखत कुणीच नाही. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वर्गातलं यंत्रही त्याच पंक्तीतलं. सकाळी कॉलेजची मुलं, दुपारी गृहिणी, संध्याकाळी नोकरदार. खुर्ची तीच, पडदा तोच आणि फाइली ठेवायची जागाही तीच.

आमच्या शेजारच्या वहिनी अशाच एका वर्गाच्या दुपारच्या बॅचला जात. बऱ्याच वर्षांनी पुन्हा नोकरी करायची म्हणून चार दिवस खपून त्यांनी स्वतःचा अर्ज टाइप केला. पाचव्या दिवशी पाहतात तर काय, नावाच्या जागी भलतंच नाव आणि वयापुढे वाकडा शेरा! कुणीतरी गंमत केली होती. वहिनी वर्गात काही बोलल्या नाहीत. घरी येऊन मात्र म्हणाल्या, ''जाऊ द्या हो, या वयात आपलं हे काम नव्हे.''

मला राग आला तो गंमत करणाऱ्यापेक्षा दार सताड उघडं ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. कारण या दुखण्यावरचं औषध जुनं आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये 'युनिक्स'चं काम सुरू झालं, तेव्हा एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणं ही नेहमीची गोष्ट होती. म्हणून तिथे प्रत्येक फाइलला मालक असतो. मालक, त्याचा गट आणि बाकीचे, अशी तिघांची परवानगी वेगवेगळी ठरते. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचे १, असा साधा हिशेब. ६०० म्हणजे फाइल फक्त मालकाची. ६४४ म्हणजे बदल मालकानं करावा, इतरांनी नुसतं वाचावं. ७७७ म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा!

'लिनक्स'मध्ये आजही हीच रीत आहे. 'विंडोज ९५' आणि '९८' मध्ये अशी सोय नव्हती, आताच्या विंडोजमध्ये आहे. मग अडतं कुठे? वर्गातले सगळे एकाच नावानं, एकाच पासवर्डनं आत शिरतात. यंत्राच्या लेखी मग सगळे एकच माणूस. कुलूप असून किल्ली खुंटीला टांगलेली!

मी वर्गाच्या सरांना भेटले, तेव्हा ते म्हणाले, ''अहो, विद्यार्थ्यांवर अविश्वास कसा दाखवायचा?'' मी म्हटलं, ''घरातसुद्धा आपण दुसऱ्याचं पत्र फोडत नाही. तो अविश्वास असतो का?'' सर हसले, पण कामाला लागले. प्रत्येकाला स्वतंत्र खातं आणि स्वतःचं फोल्डर दिलं. धडे सगळ्यांना वाचता येतील, बदलता येणार नाहीत. सामायिक फोल्डरमध्ये फाइल कुणीही ठेवावी, पण काढावी ज्याची त्यानंच. आणि सगळे अधिकार असलेलं खातं फक्त सरांकडे. वहिनींनी अर्ज पुन्हा टाइप केला, या वेळी दोन दिवसांत.

नवशिक्या माणसाचा धीर फार नाजूक असतो. त्याची फाइल मोडली की तो यंत्राला नव्हे, स्वतःलाच दोष देतो. म्हणून वर्गात नाव घालताना फी किती, हे आपण विचारतोच. ''माझं खातं वेगळं असेल ना?'' हेही जरूर विचारावं.