अष्टावधानी

मराठीत 'अष्टावधानी' हा शब्द फार मानाचा आहे. एखाद्या गृहिणीचे तोंडभर कौतुक करायचे झाले की आपण म्हणतो, 'मोठी अष्टावधानी बाई!' ती पोळी लाटत असते, तिचा एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो, दुसरा दारावरच्या घंटेकडे, डोळा वर येऊ पाहणाऱ्या दुधावर, आणि तोंडाने धाकट्याचे पाढे चालू असतात. आमची आई तर पूजेला बसल्यावर देवाला गंध लावता लावता 'तीन झाल्या गं' असे सुनेला बजावते. देवालाही त्यात काही वावगे वाटत असेल असे मला वाटत नाही. शिट्टी चुकली तर फार तर वरणाचा गाळ होतो, आणि उतू गेलेले दूध ओट्यावरून पुसून घेता येते.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे शब्दाच्या मुळाशी जायची मला खोड आहे. अष्टावधान ही मुळात एक विद्या आहे आणि तेलुगू मुलखात ती आजही जिवंत आहे. मध्ये अवधानी बसतो, भोवती आठ पृच्छक. एक जण समस्यापूर्ती घालतो, दुसरा अमुक अक्षर वर्ज्य करून पद्य रचायला सांगतो, कोणी मध्येच घंटा वाजवतो आणि शेवटी एकंदर टोले किती झाले ते विचारतो. एका पृच्छकाचे काम तर असे, की वाटेल त्या वायफळ गोष्टी काढून अवधानीचे चित्त विचलित करायचे. हा शेवटचा गृहस्थ मला फार ओळखीचा वाटतो. हल्ली तो आपल्या खिशात राहायला आला आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्षानुवर्षे तालीम केलेला तो पंडित एका जागी मांडी घालून बसलेला असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने तो कुठे निघालेला नसतो.

आमच्या पुण्यात मात्र चालते-फिरते अवधानी रस्तोरस्ती भेटतात. कोणी मान तिरकी करून, खांदा आणि कान यांच्या बेचक्यात फोन धरून लकडी पूल ओलांडत असतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, बिचाऱ्याची मान धरली आहे. कोणी तो हेल्मेटच्या आत गालाशी खुपसतो, म्हणजे डोके वाचवण्याचे साधन डोके घालवण्याच्या कामी येते. मोटारवाल्यांची तऱ्हा जरा खानदानी. फोन मांडीवर असतो आणि मान अशी खाली झुकते, की गृहस्थ स्तोत्र पुटपुटत असावेत. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी हलत नाही, तेव्हा आतली व्यक्ती काय करीत असेल हे सांगायला आता ज्योतिषी लागत नाही.

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक आहेत. अतिशय हुशार आणि सज्जन. त्यांनीच मला एकदा हिशेब करून दिला होता. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. निरोप वाचायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी त्र्याऐंशी मीटर पुढे जाते. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची. म्हणजे चार खेळपट्ट्या डोळे मिटून धावायच्या. हा हिशेब त्यांनी मला कधी सांगितला म्हणता? गाडी चालवता चालवता, फोनवर. मी म्हटले, "सर, तुम्ही आधी घरी पोचा." ते म्हणाले, "अहो, मला सवय आहे."

'मला सवय आहे' हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याची आता धास्ती वाटते. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, सायमन्स आणि शाब्री यांनी, १९९९ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढरे शर्ट घातलेले खेळाडू आपापसांत चेंडू किती वेळा फेकतात ते मोजा, असे सांगून त्यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. खेळ ऐन रंगात असताना गोरिलाचे सोंग घेतलेले माणूस मध्ये येऊन उभे राहते, छाती बडवते आणि निघून जाते. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो गोरिला दिसलाच नाही! डोळे उघडे होते, नजर समोर होती, पण चित्त मोजण्यात गुंतले होते. ही फीत मी दरवर्षी वर्गात दाखवतो. गोरिला न दिसलेली मुले शपथेवर सांगतात, की सरांनी आम्हांला फीत बदलून दाखवली.

आता बंदुकीची गोष्ट सांगतो. मराठीच्या प्राध्यापकाचा आणि बंदुकीचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. पण गेली काही वर्षे मी आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय छात्रसेनेचा अधिकारी आहे. त्यासाठी कामठीला जाऊन रीतसर प्रशिक्षण घेतले आहे, आणि ओव्या शिकवणाऱ्या या देहाने पॉइंट टू-टूची रायफलही चालवली आहे. नेमबाजीच्या मैदानावर मला सर्वांत जास्त काय आवडले असेल, तर तिथला अविश्वास. तिथे कोणी कोणावर विश्वास ठेवीत नाही. लाल झेंडा लागल्याशिवाय गोळीबार सुरू व्हायचा नाही. रायफल रिकामी आहे हे सर्वांना ठाऊक असले, तरी ती पुन्हा उघडून, तपासून दाखवायची. रिकामी असली तरी तिची नळी माणसाकडे वळवायची नाही. उडालेल्या पुंगळ्या मोजून परत करायच्या. आणि सरते शेवटी दोरीला चिंधी लावून ती नळीतून ओढायची. एकदा नव्हे, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. आमचे हवालदार उस्ताद वीस वर्षे पलटणीत घालवलेले. त्यांना मी कधी 'मला सवय आहे' असे म्हणताना ऐकलेले नाही. ते दर वेळी नवख्यासारखे रायफल उघडून पाहतात.

बंदूक भरवशाची आहे की नाही, याचा विचार माणसाने फार बारकाईने केला आहे. अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धात आपल्या सैनिकांना एम-सोळा नावाची नवी रायफल दिली, तिची कथा ऐकण्यासारखी आहे. हलकी, देखणी, नव्या जमान्याची रायफल. हिला साफसफाई फारशी लागत नाही, असा बोलबाला झाला. त्यामुळे साफ करायचे साहित्यही पुरेसे धाडले नाही, आणि शिकवणही दिली नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलली. ती नळीत जास्त काजळी धरी. जिथे काडतूस बसते त्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि हवा तिथली दमट. ऐन लढाईत उडालेली पुंगळी आत रुतून बसू लागली. समोर शत्रू, आणि सैनिक काय करतो आहे? तर नळीच्या तोंडातून सळई घालून अडकलेली पुंगळी मागे ठोकतो आहे. कित्येक तरुण बंद पडलेली रायफल हातात घेऊन मेले. घरी गेलेली पत्रे वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. १९६७ साली तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने चौकशी केली आणि लष्कराच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. मुलामा आला, साहित्य आले. आणि मला सर्वांत गंमत वाटते ती याची, की १९६८ साली विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून रायफलीच्या देखभालीवर चक्क एक चित्रमय पुस्तिका काढून घेतली. पोरासोरांच्या गोष्टीच्या पुस्तकासारखी! कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

लोखंडाने दगा दिला की आपण समिती नेमतो. आणि चित्ताने दगा दिला की? आपण म्हणतो, 'एक सेकंद इकडचं तिकडं झालं हो, वेळच वाईट होती.'

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे. माझी एक विद्यार्थिनी होती, तिसऱ्या वर्षाला. अक्षर असे, की तिची उत्तरपत्रिका मी मुद्दाम शेवटी तपासायला ठेवीत असे. शंभर पेपरांचा शीण उतरावा म्हणून. परीक्षेला दोन महिने राहिले असताना ती एका चौकात स्कूटर थांबवून उभी होती आणि मागून मोटार आली. उजव्या कोपराचा चुरा झाला. मी रुग्णालयात गेलो, तेव्हा ते मोटारवाले गृहस्थ बाहेरच्या बाकावर बसले होते. ते पळून गेले नव्हते. त्यांनीच तिला उचलून आणले होते. न प्यायलेले, न उडाणटप्पू, माझ्याच वयाचे, चांगल्या नोकरीतले. मी तिचा शिक्षक आहे म्हटल्यावर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, एकच सेकंद खाली बघितलं हो."

ताशी चाळीसच्या वेगाने एक सेकंद म्हणजे अकरा मीटर. माझ्या वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत साधारण तेवढेच अंतर आहे.

त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी बसली होती. ती काही बोलत नव्हती. बऱ्याच वेळाने, कोणी विचारले नसताना, म्हणाली, "मीच पाठवला होता मेसेज. येताना कोथिंबीर आणा म्हणून."

त्या मुलीने परीक्षा लेखनिक घेऊन दिली. ती सांगत होती आणि दुसरे कोणी लिहीत होते. आता ती डाव्या हाताने लिहायला शिकली आहे. अक्षरे जरा आडवी पडतात, पण वाचता येतात.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असा सरकारी आकडा आहे. ती सगळी काही फोनमुळे गेली नाहीत. वेग आहे, दारू आहे, खड्डे आहेत. पण या आकड्यात ती मुलगी नाही, कारण ती जगली. कोथिंबिरीची ती जुडीही त्यात नाही. मोटार वाहनांच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक चालवण्यातच जमा झाले. त्याला दंड आहे, कैदही आहे. त्यावर आपण लगेच तोड काढली: हात मोकळे ठेवून कानात बोंडे घालायची. कायदा हाताकडे पाहतो ना, मग हात चाकावर! परंतु अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्ट्रेयर नावाच्या संशोधकाने २००१ सालीच दाखवून दिले, की फोन हातात असो वा नसो, संभाषणात गुंतलेल्या चालकाचे लक्ष सारखेच ढळते. हात बोलत नसतात. बोलते ते चित्त. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय शिकवताना मला हे दरवर्षी आठवते, कारण त्याच्या आरंभी श्रोत्यांकडे मागणे आहे ते अवधानाचे. हात जोडून बसलेले श्रोतेही मनाने दुसरीकडे असू शकतात, हे सातशे वर्षांपूर्वीच्या त्या तरुण वक्त्याला ठाऊक होते.

पण मला खरे नवल वाटते ते दुसऱ्याच माणसाचे. गाडी चालवणाऱ्याला सगळेच नावे ठेवतात. फोनच्या दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याचे काय? तो तर घरात सुखाने बसलेला असतो. पलीकडून स्पष्ट उत्तर येते, "गाडीवर आहे, बोल." आणि आपण बोलतो! गॅसच्या टाकीपासून मावशीच्या गुडघ्यापर्यंत सगळे बोलतो. आणि हे सारे करतो ते प्रेमापोटी. 'निघालास का?', 'कुठवर आलास?', 'जेवायला थांबू का?' आपल्याकडे माणूस प्रवासाला निघाला, की त्याची काळजी त्याच्या मागोमाग दर पंधरा मिनिटांनी धावत जाते, आणि त्याला त्या काळजीला उत्तर द्यावे लागते. घाटात 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी रंगवणाऱ्याला हे कुठून सुचावे, की घाई नसलेल्या माणसालाही घरची माया संकटात नेऊ शकते!

म्हणून आमच्या घरी आता एक नियम आहे. समोरचा 'गाडीवर आहे' म्हणाला, की 'पोचल्यावर कर' म्हणून फोन ठेवायचा. निरोप नाही, खुलासा नाही. आमच्या चिरंजीवांनी हा नियम फार आनंदाने पाळला, कारण त्याला उशीर का झाला हे विचारायची आमची सोय गेली. त्याचा फोन स्कूटरच्या डिकीत असतो. आईला मात्र हे अजून पटलेले नाही. 'फोन उचलत नाही म्हणजे काहीतरी झालं असेल' अशी तिची समजूत आहे. आम्ही तिला सांगतो, की उचलत नाही म्हणजे चालवतोय.

नियमाचा खरा तडाखा बसला तो माझ्या मेहुण्यांना. ते नाशिकला असतात. गणपतीच्या दिवसांत त्यांनी मोटारीतून मला फोन केला, "भावोजी, एक मोठी बातमी आहे." मी विचारले, "गाडी चालवताय का?" ते म्हणाले, "हो, पण कानात लावलंय." मी फोन ठेवला. मोठी बातमी त्यांच्या मुलीचे लग्न ठरल्याची होती, हे आम्हांला रात्री तिसऱ्याकडून कळले. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी तुटकपणे बोलत होते. हिने मात्र एका शब्दाने मला दोष दिला नाही. ती त्या मुलीला भेटून आलेली आहे.

यंदा भाऊबीजेला ते येणार आहेत, आणि गाडी स्वतः चालवत येणार असे कळते. हिने आतापासूनच सर्वांना ताकीद देऊन ठेवली आहे. मामा नाशिकहून निघाल्याचे कळले, की त्यानंतर घरातून एकही फोन जाता कामा नये. सिन्नर आले का, नारायणगाव आले का, काही विचारायचे नाही. ओवाळणीचे तबक तयार ठेवायचे, चकल्यांचा डबा घट्ट लावायचा, आणि आईला ज्या खिडकीतून रस्ता दिसतो तिथे खुर्ची टाकून द्यायची.