शेगडीच्या चौकटीची गिटार

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या शाळेंतील दहावीचे चार विद्यार्थी एक कागद घेऊन आमच्याकडे आले. पुढील वर्षीं आपला एक वाद्यवृंद उभारावा असा त्यांचा विचार होता, व जगांतील नामांकित गिटारवादक कोणकोणतीं वाद्यें आणि उपकरणें वापरतात याची यादी त्यांनीं मोठ्या कष्टानें तयार केली होती. यादीच्या उजव्या बाजूस किंमती होत्या, खालीं बेरीज होती. आणि ती बेरीज पाहून त्यांचे चेहरे उतरले होते. "सर, यांतलें कोणतें घेतलें म्हणजे चांगलें वाजवितां येईल?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा खरा. परंतु त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे.

त्या यादींत ब्रायन मे यांचें नांव होतें, व त्यापुढील किंमतीची जागा मुलांनीं कोरी सोडली होती. कारण त्यांची मूळ गिटार कोणत्याही दुकानांतून आलेली नव्हे. 'क्वीन' ह्या इंग्रज वाद्यवृंदाचे हे गिटारवादक. ह्या वृंदाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशींही जुळलेला आहे. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे झांजिबारांत जन्मलेले पारशी गृहस्थ. बालपणीं ते पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकले व तेथील मुलांच्या बँडांत पियानो वाजवीत असत. परंतु आजचा आमचा विषय गाणें नव्हे, गिटार होय.

सन १९६३ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्रायन सोळा वर्षांचा होता. लंडनजवळच्या हॅम्प्टन गांवीं तो शाळेंत शिकत असे. दुकानांतील विजेच्या गिटारी त्याच्या मनांत भरल्या होत्या; पण त्या घेण्याइतके पैसे घरांत नव्हते. वडील हॅरल्ड मे हे सरकारी विमानखात्यांत यंत्रांचीं आरेखनें करणारे. हात असे कुशल कीं, घरचा रेडिओ व टेलिव्हिजनही त्यांनीं स्वतःच जुळविलेला. तेव्हां पितापुत्रांनीं ठरविलें कीं, गिटार आपणच करावयाची. त्या कामास दोन वर्षांच्या आसपास काळ लागला, व खर्च आला सुमारें ८ पौंड.

हीं द्रव्यें कोठून आलीं तें ऐकण्यासारखें आहे. विलायतेंतील घरांत भिंतींत शेगडी असते व तिच्याभोंवतीं लांकडी चौकट असते. ओळखीच्या एका गृहस्थांच्या घरची अशी शंभर वर्षांहून जुनी मॅहोगनीची चौकट टाकून द्यावयाची होती. तिच्यांतून गिटारची दांडी निघाली. लांकडास किडीनें छिद्रें पाडलीं होतीं. तीं आगपेटीच्या काड्या ठोकून बुजविलीं. अंगासाठीं एका जुन्या टेबलाचें ओक लांकूड घेतलें व त्यावर मॅहोगनीचा पातळ पापुद्रा चिकटविला. दांडीवर जे पांढरे ठिपके दिसतात ते म्हणजे आईच्या शिवणाच्या पेटींतल्या शिंपल्याच्या गुंड्या. तारांचा ताण क्षणभर सैल करून स्वर लहरविण्यासाठीं जो दांडा असतो, तो सायकलच्या बैठकीमागील पिशवी धरून ठेवणाऱ्या सळईचा. त्याचें टोंक आईच्या विणण्याच्या सुईचें. आणि ताण पुन्हा पूर्वस्थितीस आणणाऱ्या दोन स्प्रिंगा एका जुन्या पँथर मोटारसायकलच्या एंजिनांतल्या. ही सर्व रचना तराजूच्या दांडीप्रमाणें पोलादी पात्याच्या धारेवर तोललेली आहे, आणि घोडीवर तारा घासूं नयेत म्हणून तेथें लहान फिरते रूळ बसविले आहेत.

कोणी म्हणेल कीं, ही तर काटकसरीची कथा झाली. पण केवळ काटकसर असती तर तिजविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. ह्या गिटारच्या अंगांत मुद्दाम पोकळ्या ठेविल्या आहेत. ध्वनिवर्धकांतून निघालेला नाद परत वाद्यावर आदळून तारा पुन्हा कंपित करतो. हा दोष सामान्यतः टाळावयाचा असतो, परंतु येथें तो गुण व्हावा, स्वर लांबवर गात राहावा, अशी ती योजना होती. तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें मिळून जें साधन असतें त्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार हालली कीं त्या वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. ब्रायननें प्रथम हींही घरींच केलीं होतीं. पण तार बाजूस ओढली असतां त्यांतून नकोसा आवाज येई, कारण चुंबकांचे ध्रुव एकाआड एक उलटसुलट बसविले होते. चूक समजली, आणि मग बर्न्स कंपनीचीं तीन पिकअप विकत घेतलीं. प्रत्येकास एक कळ चालू-बंद करण्याची व एक कळ प्रवाहाची दिशा उलटविण्याची. म्हणून दोन पिकअपांच्या लहरी एकमेकींत मिळवितां येतात किंवा एकमेकींतून वजा करितां येतात, व प्रत्येक मांडणीचा स्वर निराळा असतो. हें पदार्थविज्ञान आहे. आणि पुढें ब्रायन इंपीरियल कॉलेजांत तोच विषय शिकावयास गेले यांत आश्चर्य नाहीं.

बाकीचीं उपकरणेंही अशाच वृत्तीनें जमलीं. वाजविण्याची नखी लवचीक असली म्हणजे बोटाची सूक्ष्म हालचाल तारेपर्यंत पोंचत नाहीं, असें अनुभवास आल्यावर त्यांनीं सहा पेनींचें नाणें हातांत घेतलें. नाण्याची कडा कातरलेली असते, त्यामुळें स्वराच्या आरंभीं किंचित् खरखर येते. तें नाणें १९८० सालीं चलनांतून गेलें. पण त्यांच्या बोटांतून गेलें नाहीं. आवाज मोठा करण्यासाठीं व्हॉक्स कंपनीचे ३० वॅटचे, निर्वात नळ्यांवर चालणारे ध्वनिवर्धक, व त्यांच्या अलीकडे वरचे स्वर उठावदार करणारी एक लहानशी पेटी: ही जोडी त्यांनीं रोरी गॅलाघर ह्या आयरिश वादकांस प्रत्यक्ष विचारून घेतली. न समजलें तें विचारण्यास त्यांस लाज वाटली नाहीं. वृंदांतील दुसरे वादक जॉन डीकन यांस १९७२ सालीं कचऱ्याच्या पेटींत विजेच्या सामानाची एक टाकून दिलेली पाटी सांपडली. त्यांनीं ती एका लहान खोक्यांत बसवून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालविली. त्या खोक्यांतून निघणारे गिटारचे स्वर एकावर एक ध्वनिमुद्रित करून ब्रायन यांनीं सनई-तुताऱ्यांच्या जातीच्या विलायती वाद्यांचा भास निर्माण केला. 'क्वीन'च्या आरंभींच्या ध्वनिमुद्रिकांवर, यांत कृत्रिम स्वर निर्माण करणारें विजेचें यंत्र वापरलेलें नाहीं, असें छापावें लागलें, तें उगाच नव्हे.

आतां ह्या कथेची दुसरी बाजू. ज्या वडिलांनीं ही गिटार करण्यास हात दिला, त्यांसच मुलानें गिटारवर पोट भरावें हें मान्य नव्हतें. ब्रायन यांनीं खगोलशास्त्रांतील संशोधन अर्धें सोडून संगीत धरिलें, तेव्हां हॅरल्ड यांस फार वाईट वाटलें, व पितापुत्रांत दीर्घकाळ अबोला राहिला. पुढें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या विशाल सभागृहांत त्यांनीं मुलाचें वादन प्रत्यक्ष पाहिलें, तेव्हां कोठें तो दुरावा मिटला. १९८८ सालीं हॅरल्ड वारले. सन २००२ च्या जून महिन्यांत राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून ब्रायन यांनीं राष्ट्रगीत वाजविलें, तें त्याच शेगडीच्या चौकटीच्या गिटारवर. आणि २००७ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, सूर्यमालेंतील धूलिकणांवरील तें अर्धवट संशोधन पुरें करून त्यांनीं डॉक्टरेटही मिळविली. वडिलांच्या दोन्ही इच्छा मुलाच्या हातून अशा पुऱ्या झाल्या. एक त्यांच्या डोळ्यांदेखत, एक त्यांच्या मागें.

येथेंच लेखणी ठेवणें आम्हांस सोयीचें झालें असतें. परंतु विद्यार्थ्यांस उपदेश करावयाचा आणि स्वतःची गोष्ट झांकून ठेवावयाची, हें बरें नव्हे.

आम्हीही सोळा वर्षांचे असतां वडिलांपाशीं गिटार मागितली होती. वडील रेल्वेच्या कारखान्यांत सुतार होते. ते म्हणाले, "विकत कशाला? आपण घरीं करूं." आम्हीं उत्तर दिलें, "घरची नको. पोरें हंसतील." ते कांहीं बोलले नाहींत. मात्र दुसऱ्या दिवसापासून कामावरून आल्यावर ते ओटीवर बसूं लागले. माजघरांतील मोडक्या पलंगाची सागवानी पट्टी त्यांनीं घेतली होती. तिची दांडी तासूं लागले. आम्ही आंतल्या खोलींत अकरावीचा अभ्यास करीत असूं. रंद्याचा आवाज ऐकूं येई. एके सायंकाळीं त्यांनीं हांक मारली, "अरे, जरा हा हिशेब पाहतोस का?" आम्हीं आंतूनच म्हटलें, "परीक्षा जवळ आली आहे." त्यानंतर कांहीं दिवसांनीं रंद्याचा आवाज थांबला. पुढील वर्षीं आम्हीं शिकवणीच्या पैशांतून दुकानांतली गिटार घेतली, सहा महिने वाजविली आणि सोडून दिली.

वडील वारल्यावर माळा आवरतांना जुन्या धोतरांत गुंडाळलेली ती दांडी सांपडली. गुळगुळीत तासलेली, पडद्यांच्या जागीं पेन्सिलीच्या रेघा. बरोबर एक वही होती, व तींत भागाकार होते. तारेच्या लांबीचे अठरा भाग करून एका भागावर पहिला पडदा बसवावयाचा, उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग करून दुसरा, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. तो त्यांनीं कोठूनसा मिळविला होता. वस्तुतः भाजक अठरा नव्हे, १७.८१७ हवा, कारण सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे म्हणजे दोहोंचें बारावें मूळ काढावें लागतें. अठरांनीं भागीत गेल्यास २४ इंचांच्या तारेवर बाराव्या पडद्यापर्यंत दोन मिलिमीटरांहून अधिक फरक पडतो. वडिलांस कोठेंतरी चुकतें आहे असें जाणवलें असावें. बाराव्या रेघेपाशीं त्यांनीं तारेचा बरोबर मध्य मोजून एक टिंब केलें होतें. रेघ व टिंब जुळत नव्हतीं. आणि वहींत त्यापुढें प्रश्नचिन्ह होतें. त्या दिवशीं आमच्या दप्तरांत लॉगॅरिदमचें कोष्टक होतें. बारावें मूळ काढण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं.

म्हणून मुलांनो, तुमच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतों. ब्रायन मे यांच्या गिटारची किंमत ८ पौंड नव्हे. ओटीवर शेजारीं बसलेल्या दोन माणसांचीं दोन वर्षें, ही तिची किंमत. ती दुकानांत भरतां येत नाहीं, आणि वेळेवर भरली नाहीं तर मागाहूनही भरतां येत नाहीं. विकत घेऊं नका, असें आमचें म्हणणें नाहीं. पिकअप त्यांनींही विकत घेतलीं. मात्र अगोदर एकदां स्वतः करून, चुकून, मग घेतलीं.

ती दांडी आम्हीं शाळेच्या सुतारकामाच्या खोलींत आणून ठेविली आहे. वडिलांच्या रेघा पुसलेल्या नाहींत. त्यांच्या शेजारीं दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनें नव्या रेघा ओढावयाच्या आहेत. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. येतांना घरांतलें एखादें जुनें लांकूड आणावें. आणि कोणाचे वडील येत असतील तर त्यांसही अवश्य बरोबर घेऊन यावें.