येऊ द्या... येऊ द्या... बास!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की नातेवाइकांच्या लेखी आपण एकदम 'सगळं येणारा मुलगा' होतो. आत्याचा मिक्सर, काकांचा मोबाईल, शेजारच्यांचा टीव्ही... सगळं आपल्याकडे! ब्रँच कुठली, हे कोणीच विचारत नाही. माझ्या वाट्याला तर थेट ट्रकच आला. आणि मित्रांनो, खरं सांगतो, चार सेमिस्टर टॅन थीटा लिहून जे कळलं नव्हतं ते त्या ट्रकमागे दोन संध्याकाळी उभं राहून कळलं.

मामांचा सहाचाकी ट्रक लासलगाव भागात कांद्याच्या भाड्यावर असतो. गोण्या भरायच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर, आणि गाडी लावायची वेळ येते बहुतेक अंधार पडल्यावर. शेडच्या दोन खांबांमधून गाडी मागे घ्यायची. मागे हमाल, गोण्यांच्या थप्प्या, मध्येच कोणाची तरी मोटारसायकल. कारसारखं मागच्या काचेतून बघायची सोय ट्रकला नाही, मधे अख्खा हौदा उभा! ड्रायव्हरला दोन आरसे, आणि तिसरा डोळा म्हणजे मागे उभा असलेला क्लीनर. "येऊ द्या... येऊ द्या... बास!" त्या एका 'बास'वर सगळा भरवसा.

गाडीचे मूळचे रिव्हर्स लाईट म्हणजे 24 व्होल्टवर चालणारे 21 वॅटचे बल्ब. वर धुळीचा थर बसला की उजेड पणतीएवढा. म्हणून मामांनी दिवाळीआधी दोन एलईडी वर्कलॅम्प बसवून घेतले. मी सुट्टीत गेलो तेव्हा मामा जाम खूश. "काय इंजिनिअर, मागं दिवस उगवतो बघ!"

क्लीनर मात्र गप्प. माझ्यापेक्षा वर्षभरानेच लहान पोरगा. मामा चहाला गेल्यावर हळूच म्हणाला, "दादा, ते लाईट लागले की मला गाडीच दिसत नाही. नुसते दोन पांढरे गोळे. चाक कुठं, फाळका कुठं, काय कळत नाही. डोळ्यावर हात धरतो आणि अंदाजानं बास म्हणतो."

काळजात चर्र झालं. पाठीमागे थप्पी, समोरून येणारा ट्रक, आणि हा आंधळा होऊन मधे उभा!

चहा झाल्यावर मामांशी बोललो आणि टेप घेऊन बसलो. फिटरने लॅम्प जमिनीला समांतर ठेवून बोल्ट आवळले होते. खोक्यावर झोत 60 अंशांचा लिहिलेला, म्हणजे मध्यरेषेच्या वर 30 आणि खाली 30. लॅम्प जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर, क्लीनरचे डोळे 150 वर, आणि तो उभा राहतो साधारण 5 मीटर मागे. 60 भागिले 500, टॅन इन्व्हर्स... जवळजवळ 7 अंश. डोळे झोताच्या अगदी गाभ्यातच की! झोताची वरची कड त्या 7 अंशांच्या खाली आणायची तर लॅम्प किमान 23 अंश झुकवायला हवा. आम्ही 25 धरला. झोताचा मध्य मग 2 मीटरवर जमिनीला लागतो, आणि वरच्या कडेचा उजेड खांबांपर्यंत पुरतो.

आता मामांनाही रस वाटू लागला होता. केबिनमध्ये बसून म्हणाले, "अरे, मधला उजेड माझ्या काय कामाचा? मला आरशात फक्त दोन बाजू दिसतात." एकदम करेक्ट! मग डावा लॅम्प डावीकडे आणि उजवा उजवीकडे 15 अंश फिरवला. दोन्ही झोत मधे एकमेकांवर चढतातच, त्यामुळे मधेही अंधार राहिला नाही.

राहिला लोडचा प्रश्न. माल भरला की पाटे दबतात. आम्ही मोजलं तर मागची बाजू 10 सेंटिमीटर खाली बसली होती. चाकांमधलं अंतर 4 मीटरच्या आसपास, म्हणजे चेसिस सव्वा-दीड अंशाने कलली. त्यामुळे हेडलाईट वर उचलले जातात, पण रिव्हर्स लाईट आणखी खाली झुकतात. म्हणजे क्लीनरच्या डोळ्यांना जास्त त्रास रिकाम्या गाडीचा, आणि खळ्यावर गाडी येते ती रिकामीच! म्हणून ॲडजस्टमेंट रिकाम्या गाडीवर, सपाट जागेत. लॅम्पपासून 5 मीटरवरच्या भिंतीवर 150 सेंटिमीटरला खडूची रेघ ओढली आणि झोताची कड तिच्याखाली येईपर्यंत ब्रॅकेट हलवलं. खड्ड्यांमध्ये बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून स्प्रिंग वॉशर टाकले, आणि ब्रॅकेटवर रंगाची खूण केली. खूण सरकलेली दिसली की समजायचं, पुन्हा भिंत गाठायची.

नंतर शोधलं तर रिव्हर्स लाईटसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 23 आहे. त्यात क्षितिजपातळीला आणि त्याच्या वर जास्तीत जास्त 300 कँडेला चालतात, आणि 5 अंशांहून खाली मात्र 8000 पर्यंत! आमचा पोरगा जे डोळ्यावर हात धरून सांगत होता तेच तिथे आकड्यांत लिहिलेलं.

दुसऱ्या संध्याकाळी मामांनी रिव्हर्स टाकला. "उजेड जरा कमी झाल्यासारखा वाटतोय रे."

"कमी नाही मामा, जागेवर आलाय."

मागून आवाज आला, "दादा, चाक दिसतंय! फाळका पण दिसतोय!"

आपण लॅबमध्ये लक्स मोजतो, वॅट मोजतो, जर्नल सबमिट करतो. त्या झोतासमोर कोण उभं आहे, हा कॉलम आपल्या ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये नसतो. तेव्हा तुमच्या गावी कोणी असे लाईट बसवत असेल तर गाडी जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, अशा वेळी एकदा क्लीनरच्या जागी जाऊन उभे राहा. डोळ्यावर हात धरावा लागला, तर पाना आणायला सांगा.